फोन कोणाचा आणि नको कोणाला?

(महागाव येथे बचतगट व महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)

शिबिराच्या पत्रिकेवर माझा विषय 'घरचा फोन आणि नको असलेले कॉल' असा छापला आहे. सकाळी चहाच्या वेळी एका ताईंनी मला विचारले, "मॅडम, घरचा फोन आता हाय कोनाच्या घरी? सगळ्याइच्या हातात मोबाईल हायेत. हा जुना विषय काहून घेतला?" प्रश्न रास्त आहे. या खोलीत बसलेल्यांपैकी किती जणींच्या घरी आज वायरीचा फोन आहे, असे विचारले तर दोन-तीन हात वर होतील.

तरी विषय घेतला, कारण तो संपलेला नाही. घरात पहिल्यांदा फोन आला तेव्हा तो कोणी उचलायचा, कोणी किती बोलायचे, कोणाचा फोन आला तर काय सांगायचे, याच्या काही रीती पडल्या. त्या कोणी कागदावर लिहिल्या नाहीत, पण घरोघरी सारख्याच होत्या. फोनची वायर गेली, रीती राहिल्या. आज मुलीच्या मोबाईलवर एखाद्या अनोळखी नंबरवरून मेसेज आला की घरातले लोक जे बोलतात, तेच पंचवीस वर्षांपूर्वी बोलत होते. म्हणून तिथून सुरुवात करू.

आमच्या घरचा फोन

आमच्या घरी फोन आला १९९९ साली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. आमचे गाव इथून फार लांब नाही. बाबा शिक्षक. नाव नोंदवून बरेच दिवस वाट पाहिल्यावर फोन लागला आणि पुढच्या खोलीत एका स्टुलावर विराजमान झाला. आईने त्याच्यावर क्रोशाचा रुमाल विणून घातला. गल्लीतल्या पाच-सहा घरांनी आमचा नंबर आपल्या पाहुण्यांना 'पी.पी.' म्हणून देऊन टाकला. लग्नपत्रिकांवरही तो छापला गेला. कोणाचाही फोन आला की मी धावत जाऊन सांगायचे, "काकू, तुमचा फोन!" मला त्या कामाचा फार अभिमान होता.

दोन-तीन महिन्यांत दुपारचे फोन सुरू झाले. बाबा शाळेत, आई शेजारी नाहीतर मागच्या अंगणात, आणि घरात ताई. ती सतरा वर्षांची, बारावीत. घंटी वाजायची, ताई उचलायची, पलीकडून कोणी बोलायचे नाही. नुसता श्वास ऐकू यायचा. आम्ही त्याला 'ब्लँक कॉल' म्हणायचो. हा शब्द तुमच्यापैकी चाळिशीच्या पुढच्या सगळ्या जणींना ठाऊक असेल. बाबांनी किंवा मी उचलला तर लगेच कट. थोड्या दिवसांनी तो माणूस बोलू लागला. काय बोलायचा ते ताईने मला तेव्हा सांगितले नाही. मी मोठी झाल्यावर सांगितले. ते इथे सांगायची गरज नाही, तुम्हाला कळते.

ताईने आईला सांगितले. आई म्हणाली, "बाबांना सांगू नको." ताईला आधी त्याचा राग आला होता, पण आईला पुढचे दिसत होते. एका रविवारी दुपारी बाबा घरी असताना फोन आला, तो ताईने उचलला आणि तिचा चेहरा पाहून बाबांच्या लक्षात आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुलेच काहून फोन करते तो?"

मैत्रिणींनो, या एका प्रश्नात आपला सगळा विषय आहे. फोन करणारा कोण, हे कोणी विचारले नाही. तो आपल्या मुलीलाच का करतो, हे विचारले.

आमच्या ओळखीचे एक लाइनमन होते. त्यांनी बाबांना सांगितले की आता एक्स्चेंज डिजिटल आहे, त्रास देणाऱ्याचा नंबर शोधता येतो, पण त्यासाठी लेखी अर्ज द्यावा लागेल आणि पोलिसांकडेही तक्रार नोंदवावी लागेल. बाबांनी अर्ज लिहायला घेतला आणि अर्धाच ठेवला. अर्जात कारण लिहावे लागणार होते. कारणात मुलगी येणार होती. तालुक्याच्या ठिकाणी कचेरीतला कागद चार हातांतून जातो.

अर्जाऐवजी बाबांनी सुताराकडून एक लाकडी पेटी करून आणली. फोन पेटीत आणि पेटीला कुलूप. तुम्ही हसता आहात, म्हणजे अशा पेट्या तुम्हीही पाहिल्या आहेत. आता यातली गंमत बघा. कुलूप लावल्यावर घरातून फोन करता येईना. येणारी घंटी मात्र वाजतच राहिली. बंद झाल्या त्या ताईच्या मैत्रिणी. तो माणूस बंद झाला नाही.

पुढचे थोडक्यात सांगते. ताईला पुसदला पुढे शिकायला जायचे होते. ते राहिले. "एवढे फोन येतात, बाहेर गेली तर काय होईल" असे ठरले आणि २००० च्या उन्हाळ्यात तिचे लग्न झाले. तिचा संसार बरा आहे, तिने मला ही हकिकत सांगायची परवानगी दिली आहे. पण शिकायचे राहिले ते राहिलेच. तो फोन करणारा कोण होता हे आजपर्यंत कळलेले नाही. कदाचित त्याला ताईचे नावही माहीत नसेल. लग्नपत्रिकेवरचा नंबर पाहून किंवा आकडे फिरवता फिरवता त्याला एका मुलीचा आवाज सापडला असेल, एवढेच. त्याने काही आणे खर्च केले. किंमत ताईने दिली.

बायकांनी काढलेले मार्ग

यात थोडा इतिहास सांगायला हवा. जुन्या काळी एक्स्चेंजमध्ये माणूस बसलेला असे. तुम्ही फोन उचलून त्याला नंबर सांगायचा, तो जोडून द्यायचा. गावात कोण कोणाला फोन करतो हे त्याला माहीत असायचे. यात खासगीपणा नव्हता, पण निनावीपणाही नव्हता. १९८४ साली सरकारने सी-डॉट ही संस्था काढली. तिने आपल्या खेड्यांसाठी छोटे स्वयंचलित एक्स्चेंज तयार केले. उन्हात, धुळीत, वातानुकूलनाशिवाय चालणारे. १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला असे पहिले एक्स्चेंज सुरू झाले. त्यानंतरच्या वर्षांत ते देशभर पसरले आणि जागोजागी पिवळ्या पाटीचे एस.टी.डी. बूथ उभे राहिले. ही फार मोठी गोष्ट होती, ती मी कमी लेखत नाही. सासरी गेलेल्या कितीतरी मुलींना बूथवरून माहेरचा आवाज ऐकता आला. पण मधला माणूस गेला, त्याबरोबर फोन करणाऱ्याला तोंड लपवायची सोय झाली. यंत्र काढणाऱ्यांनी हा विचार केला नव्हता, कारण दुपारी एकट्या घरात फोन उचलणारी बाई त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती.

मग बायकांनी आपापले मार्ग काढले. समाजकार्याच्या एम.ए.साठी क्षेत्रकार्य करताना आणि नंतर समुपदेशन केंद्रात बसताना मी हे मार्ग बायकांच्या तोंडून ऐकले. काही तुम्हीही वापरले असतील.

पहिला मार्ग खुणेचा. माहेरच्यांनी दोन वेळा घंटी वाजवून ठेवायचे, मग पुन्हा करायचे. तोच उचलायचा, बाकीचे वाजू द्यायचे. पैसे न खर्चता निरोप देण्याची ही रीत पुढे मोबाईलच्या मिस्ड कॉलमध्ये आली. दुसरा मार्ग, फोन उचलल्यावर स्वतः काही बोलायचेच नाही, समोरचा बोलेपर्यंत थांबायचे. तिसरा, नाव किंवा नंबर सांगायचा नाही. "कोण बोलतंय?" असे कोणी विचारले तर "तुम्हाला कोण पाहिजे?" असे उलट विचारायचे. चौथा, लहान पोराला उचलायला लावायचे. हा वाईट मार्ग आहे. जे ऐकू नये ते पोराच्या कानावर जाते. पाचवा, रिसीव्हर बाजूला काढून ठेवायचा. घंटी बंद होते, पण घरात कोणी आजारी असले, परगावी असले, तर जीव टांगणीला लागतो. एक आजी मला म्हणाल्या, "मी त्याच्या कानात शिट्टी मारली, मंग नाही आला फोन." त्यांच्या बाबतीत जमले. पण काहींना अशा प्रतिसादाचाच चेव येतो, हेही आम्ही पाहिले. शांतपणे, एक शब्द न बोलता फोन ठेवणे बहुतेक वेळा जास्त उपयोगी पडते.

हे सगळे मार्ग हुशारीचे होते. पण हरेक मार्गात त्रास चुकवण्याचे काम बाईच करत होती. तिने आवाज बदलायचा, तिने थांबायचे, तिने घाबरत घंटी मोजायची.

नंबर दिसू लागला

मग नंबर दाखवणारे यंत्र आले. 'कॉलर आयडी' आपण त्याला म्हणतो. शहरांत आधी आले, आपल्याकडे तालुक्याला नंतर. फोन वाजला की छोट्या काचेवर नंबर उमटायचा. ब्लँक कॉल करणाऱ्यांना याचा चांगलाच चाप बसला. यंत्राचे हे श्रेय द्यायलाच हवे.

पण इथे मला तुम्हाला बाहेरच्या देशातली एक गोष्ट सांगायची आहे. अमेरिकेत ही सोय १९८० च्या दशकाच्या शेवटी आली. टेलिफोन कंपन्यांनी जाहिरात केली की आता घाणेरडे फोन करणाऱ्यांपासून बायकांची सुटका होईल. त्या वेळी मारहाणीतून सुटून आलेल्या बायकांच्या निवारागृहांत काम करणाऱ्या कार्यकर्त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, थांबा. एखादी बाई नवऱ्यापासून लपून निवाऱ्यात राहते. मुलांची खुशाली विचारायला ती घरी फोन करते. नवऱ्याच्या यंत्रावर नंबर उमटला तर तो तिचा ठावठिकाणा शोधून दारात येईल. पेनसिल्व्हेनिया राज्यात हे प्रकरण कोर्टात गेले, आणि नंबर लपवण्याची सोय दिल्याशिवाय ही सेवा चालणार नाही असे तिथे ठरले. पुढे सगळीकडे फोन करण्याआधी काही आकडे दाबून आपला नंबर झाकण्याची सोय आली.

म्हणजे पाहा, एकाच यंत्राने एकीला वाचवले आणि दुसरीला उघडे पाडले. आपल्याकडेही हे झाले. सासरचा छळ सोसणारी एक बाई शेजारणीच्या घरून माहेरी फोन करायची. माहेरच्यांनी रात्री त्याच नंबरवर उलट फोन केला. शेजारणीचा नवरा तिच्या सासऱ्याचा मित्र. दुसऱ्या दिवशी तिला मार बसला. नंबर दिसणे ही चांगली गोष्ट की वाईट, याचे उत्तर यंत्रात नाही. यंत्र कोणाच्या हातात आहे, त्यावर ते अवलंबून आहे.

गाळणी कोणाच्या हातात

इथे मी मुख्य मुद्द्यावर येते. नको असलेले फोन गाळायचे, हे ठीक. पण नको कोणाला?

घरचा फोन पुढच्या खोलीत, म्हणजे पुरुषांच्या खोलीत असायचा. सुनेला फोन आला की आधी सासरे उचलणार, नाहीतर सासूबाई. "कोन बोलते? काय काम हाय?" मग, "ती वावरात गेली." सून आत चुलीपाशी असायची. आईने एस.टी.डी. बूथवर रांग लावून, मीटरकडे बघत केलेला फोन असा परत जायचा. रात्री उशिरा दर कमी लागायचे, पण त्या वेळी बाईने बूथवर जायचे कसे? आणि फोन मिळालाच तर सगळे घर कान लावून बसलेले. "कशी हायेस माय?" "बरी हाय." यापलीकडे काय बोलणार?

त्या घराच्या दृष्टीने सुनेच्या आईचा फोन हाच नको असलेला फोन होता. गाळणी होती, ती चोख चालतही होती. फक्त ती सुनेच्या हातात नव्हती.

म्हणून मला वाटते, या विषयात आपली मागणी नीट शब्दांत मांडली पाहिजे. 'बायकांना वाईट फोनपासून वाचवा' एवढेच म्हटले तर घरचे लोक आनंदाने वाचवतात. पेटी करून आणतात. आपली मागणी अशी पाहिजे की कोणाशी बोलायचे आणि कोणाशी नाही, हे ठरवण्याचा हक्क जिचा फोन आहे तिचा. पहिल्या मागणीतून कुलूप येते. दुसरीतून किल्ली बाईच्या हातात येते.

आता मोबाईल

मोबाईल आला तेव्हा वाटले होते की हा प्रश्न सुटेल. प्रत्येकीचा आपला फोन, नंबर दिसतो, बटण दाबले की समोरचा ब्लॉक. काही अंशी सुटलाही. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरते असा मोबाईल असलेल्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्केच निघाल्या. म्हणजे जवळजवळ निम्म्या जणींसाठी फोन अजून 'घरचाच' आहे. तो नवऱ्याच्या खिशात असतो किंवा पोराच्या हातात. ज्यांच्याकडे आहे त्यांच्यापैकी कितीजणींचा फोन रात्री तपासला जातो, ते तुम्ही आपापल्या गावात जाणता.

आणि फोन करणारेही बदलले. कर्ज घ्या म्हणणारे, विमा घ्या म्हणणारे, आणि घेतलेले कर्ज फेडा म्हणून धमकावणारे. आपला जिल्हा यवतमाळ. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी याचे नाव देशभर झाले. घरधनी गेल्यावर त्याचा फोन बायकोकडे येतो, आणि त्याबरोबर त्याचे कर्जवसुलीचे फोनही येतात. बचतगटातल्या बायकांना लहान कर्ज देणाऱ्या संस्थांचे फोन येतात. सकाळी चहा ठेवायच्या आधी येतात आणि रात्रीही येतात.

यातले नियम आपल्याला पाठ पाहिजेत. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये सूक्ष्म कर्जांसाठी नियम केले. त्यांत सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर कर्जदाराला फोन करायला मनाई केली आहे. सतत फोन करून भंडावणे, शिव्या देणे, धमकावणे, नातेवाईकांना किंवा बरोबर काम करणाऱ्यांना त्रास देणे, यालाही मनाई आहे. कर्ज फेडायचे असते, हे आपण मान्य करतो. पण कर्ज काढले म्हणजे बाईने आपले घर चोवीस तास उघडे ठेवले असे होत नाही.

विक्रीचे फोन बंद करायला १९०९ हा नंबर आहे. त्यावर फोन करून आपला नंबर नोंदवता येतो आणि तक्रारही करता येते. तक्रारीची मुदत आधी तीन दिवसांची होती, फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने ती सात दिवस झाली. फसवणुकीचा फोन आला, पैसे गेले, तर १९३० वर लगेच कळवायचे. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

या नोंदणीचा इतिहासही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. देशात नको असलेल्या विक्रीच्या फोनविरुद्ध नियम आले २००७ साली. शहरातल्या नोकरदारांना बँकांचे, क्रेडिट कार्डांचे फोन येऊ लागले, त्यांची कामे अडू लागली, तेव्हा हा सार्वजनिक प्रश्न झाला. त्याआधी कित्येक वर्षे घरोघरी बायका ब्लँक कॉल उचलत होत्या. तो प्रश्न सार्वजनिक झाला नाही. तो ज्याच्या त्याच्या घरातला राहिला, आणि घरात तो मुलीच्या चारित्र्याचा झाला.

कायदा काय म्हणतो

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. कलमांचे आकडे बदलले. कार्यकर्तीच्या वहीत नवे आकडे असले पाहिजेत, म्हणून सांगते.

बाईच्या विनयाचा अपमान करण्याच्या हेतूने शब्द उच्चारणे, आवाज काढणे, तिच्या खासगीपणावर आक्रमण करणे यासाठी पूर्वी ५०९ कलम होते, आता ७९ आहे. तीन वर्षांपर्यंत कैद. फोनवरच्या अश्लील बोलण्याला हे लागू होऊ शकते. लैंगिक स्वरूपाचे बोलणे, तशी मागणी करणे यासाठी कलम ७५. नाव लपवून धमकी देणे यासाठी ३५१ चे चौथे पोटकलम. पूर्वीचे ते ५०७.

पाठलागाचे कलम २०१३ साली, दिल्लीच्या घटनेनंतर झालेल्या दुरुस्तीत, ३५४-ड म्हणून आले. आता ते ७८ आहे. बाईने स्पष्ट नकार दिल्यावरही मागे मागे राहून वारंवार संपर्क साधणे हा गुन्हा आहे. बाई इंटरनेट, ई-मेल किंवा तत्सम साधने कशी वापरते यावर पाळत ठेवणे, हाही त्याच कलमाखाली गुन्हा आहे. दुसरा भाग आपण नेहमी विसरतो.

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. त्याच्या कलम १८ खाली मॅजिस्ट्रेट संरक्षण आदेश देतात. त्या आदेशात, बाईशी तोंडी, लेखी, इलेक्ट्रॉनिक किंवा टेलिफोनवरून कसलाही संपर्क साधू नको, असे त्या माणसाला बजावता येते. माहेरी आलेल्या बाईला नवरा रोज रात्री फोन करून धमकावत असेल तर अर्जात हे स्पष्ट मागायचे. वकिलाने लिहिले नाही तर आपण सांगून लिहून घ्यायचे. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पुरावा हा यातला कठीण भाग. म्हणून पुढचे लिहून घ्या. फोन आला ती तारीख, वेळ, नंबर आणि बोलणे वहीत त्याच दिवशी लिहायचे. मेसेज, रेकॉर्डिंग पुसायचे नाही, मूळ फोन जपायचा. लाज वाटते म्हणून बायका आधी पुसून टाकतात आणि मग आपल्याकडे येतात. त्यांना रागावू नका. कॉलच्या नोंदी कंपनीकडून मागवता येतात, पण ते पोलिसांनी करायचे काम आहे. या नोंदी किमान दोन वर्षे ठेवाव्यात असा नियम डिसेंबर २०२१ मध्ये झाला. म्हणजे तक्रारीला फार उशीर करून चालत नाही. एकदा तरी स्पष्ट शब्दांत 'मला फोन करू नका' असे लिहून पाठवायचे, मग उत्तर द्यायचे नाही. 'हो-नाही' करत बसले की समोरचा वकील त्याचाच उपयोग करतो.

घरातल्या घरात चोरून केलेले रेकॉर्डिंग ही दुधारी गोष्ट आहे. नवरा-बायकोच्या खटल्यात असे रेकॉर्डिंग पुरावा म्हणून घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटले. मारहाण सोसणाऱ्या बाईला याचा उपयोग आहे. पण घरात फोन, कॅमेरे, पैसा कोणाच्या ताब्यात असतो ते पाहिले, तर बाईविरुद्ध त्याचा वापर होण्याची भीतीही तेवढीच आहे. आपल्या केंद्रात येणाऱ्या बाईला या दोन्ही बाजू सांगा.

आपण काय करायचे

१९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्याच्या आवारातच प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसणार, अशी ती कल्पना. ती पुढे महाराष्ट्रात इतर जिल्ह्यांत गेली. आमच्यासारख्या समाजकार्य शिकलेल्यांना त्यातून एक गोष्ट कळली. बाई तक्रार घेऊन येते तेव्हा तिला पहिल्यांदा कायदा नको असतो. 'यात तुझी चूक नाही' हे वाक्य तिला हवे असते. ते कोणीतरी म्हटल्यावर ती पुढचे बोलू शकते. आमच्या घरात १९९९ साली ते वाक्य कोणी म्हटले नाही.

तेव्हा चार गोष्टी मागते.

एक. गटाच्या बैठकीत वर्षातून एकदा तरी हा विषय काढा. "कोणाला त्रास होतो का?" असे विचारू नका, कोणी हात वर करणार नाही. "आपल्याला कोणकोणते फोन येतात?" असे विचारा. कर्जवाल्यांपासून सुरुवात होईल आणि तासाभराने खरी गोष्ट निघेल.

दोन. एखादीला त्रास होत असेल तर तक्रारीला दोघी-तिघी बरोबर जा. अर्जावर गटाचा संदर्भ घाला. एकटीचे नाव कागदावर असले की चार हातांत फिरते. दहा जणींची नावे असली की कागद जपून हाताळला जातो.

तीन. १८१ आणि ११२ हे नंबर बायकांच्या तोंडी असू द्या. नुसते फोनमध्ये साठवू नका, फोन हिसकावला जातो. पाठ करून घ्या. त्याबरोबर माहेरचा एक आणि मैत्रिणीचा एक नंबरही पाठ पाहिजे. आपल्या आयांना वीस-वीस नंबर पाठ असायचे. आपल्याला आपला स्वतःचाही धड येत नाही.

चार, आणि हे सर्वांत अवघड. आपल्या घरातल्या मुलीने येऊन सांगितले की कोणीतरी त्रास देतो, तर तिचा फोन काढून घेऊ नका. मी अनेक चांगल्या कार्यकर्त्यांना हे करताना पाहिले आहे. भीती वाटते, मी समजू शकते. पण एकदा फोन काढून घेतला की ती मुलगी पुढच्या वेळी सांगणार नाही. तिच्या धाकट्या बहिणीही सांगणार नाहीत, कारण त्या बघत असतात. मीही नऊ वर्षांची असताना बघत होते, आणि शाळेत पुढे मला त्रास झाला तेव्हा मी घरी एक शब्द बोलले नाही.

दोन वर्षांपूर्वी ताईच्या मुलीला एका अनोळखी नंबरवरून घाण मेसेज येऊ लागले. ती घाबरून आईकडे आली. ताईने मला फोन केला. मी तिला सांगायला लागले, हे कर, ते कर. ती म्हणाली, "मी तिला पहिले सांगितलं, तुझा फोन तुझ्याचपाशी राहील. आता बोल, पुढं काय करायचं?" मग आम्ही तिघींनी मिळून सगळे लिहून काढले, आणि ताई स्वतः मुलीला घेऊन पोलीस ठाण्यात गेली. अर्ज तिने लिहिला, पूर्ण लिहिला, आणि खाली स्वतःची सही केली.

बाबा आता थकले आहेत. ती फोनची पेटी आमच्या घरी अजून आहे. आई तिच्यात शिवणाचे सामान ठेवते. कुलूप कुठे गेले ते कोणाला आठवत नाही.

जेवणाची वेळ झाली आहे. दुपारच्या सत्रात गटागटाने बसू, आणि आपापल्या गावात येणाऱ्या फोनांची यादी करू. वही-पेन घेऊन या.